आभा किती काढले ते पुरे, रिपोर्ट किती जणांच्या हाती पडले ते सांगा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी रुग्णालयांतल्या संगणकीकरणाचं मोजमाप बदलण्याबाबत.

महोदय, महोदया,

हे पत्र दोन खात्यांना एकत्र लिहायला कारण आहे. उपजिल्हा रुग्णालयातून एखाद्याला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रेफर करतात तेव्हा तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतो, हे त्याच्या गावीही नसतं. त्याला कळतं ते एवढंच की कालच केलेलं रक्त, लघवी, एक्सरे इथे पुन्हा करायला सांगितलंय. तिथल्या संगणकातलं इथे दिसत नाही. मुंबईत महापालिकेचं रुग्णालय मध्ये आलं तर तिसरं दार आणि तिसरा नोंदणी क्रमांक.

आम्ही केसपेपरच्या खिडकीवर, प्रयोगशाळेत, औषध भांडारात आणि सर्व्हरच्या खोलीत रोज काम करणारी माणसं आहोत. प्रणाली कोलमडली की आधी शिव्या खातो ते आम्ही. संगणक नकोच म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. उलट तो नीट चालावा म्हणूनच हे लिहितोय.

रुग्णाच्या नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यात दिसाव्यात यासाठीचं केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्यात रुग्णालयाची प्रणाली जोडण्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात माणसाचा १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे त्याच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, काढायचा किंवा पडताळायचा. दुसऱ्यात रुग्णालयाने तयार केलेला रिपोर्ट, औषधचिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड त्या क्रमांकाला जोडायचं. तिसऱ्यात रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या रुग्णालयातल्या नोंदी इथल्या डॉक्टरला दिसायच्या. रुग्णाला जो काही फायदा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात. आढावा बैठकीत मात्र पहिला प्रश्न असतो, 'आभा किती झाले?' मग शिबिरं लागतात, रांगेतल्या माणसांचे आधार क्रमांक घेतले जातात, आकडा फुगतो आणि त्या माणसाची त्या दिवशीची सोनोग्राफी त्या आभाला कधीच चिकटत नाही. रिकाम्या लॉकरची किल्ली वाटावी तसं झालंय हे.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून सारख्या लांबीच्याही नाहीत.

खिडकीची रांग दाराशी गेली

क्यूआर स्कॅन करून टोकन मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२२मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झाली आणि मग देशभर गेली. कल्पना चांगली आहे. रुग्ण फोनवरून क्यूआर वाचतो, नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाईल आपोआप खिडकीवरच्या पडद्यावर उतरतं, ऑपरेटरला टंकलेखन करावं लागत नाही. पण घोडं कुठे अडतं ते बघा. जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतीत नेटवर्क येत नाही. स्मार्टफोन मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर. टोकन मिळालं तरी छापील केसपेपर घ्यायला त्याच खिडकीवर यायचं, कारण केसपेपरशिवाय डॉक्टर बघत नाहीत.

एवढं जमलं तरी पुढे काय? नोंदणी दहा मिनिटांनी लवकर झाली म्हणजे माणूस दहा मिनिटं आधी डॉक्टरच्या दाराशी जाऊन उभा राहतो. सकाळी साडेनऊला सगळे एकदम येत असतील तर रांग फक्त जागा बदलते. तिला कमी करायचं असेल तर जुन्या रुग्णांना, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, टाके काढायला आलेल्यांना, मागच्या भेटीतच पुढची तारीख आणि तासाची वेळ छापून द्यायला हवी. त्याला ॲप लागत नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात 'पुढील भेट : मंगळवार, ११ ते १२' एवढी ओळ पुरते. अर्थात त्या वेळेला आलेल्याला त्या वेळेलाच आत घेतलं तर. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे गेले, त्याचं लोकांना खरंच बरं वाटलं. रांग मात्र तिथेच आहे.

खिडकीवरचा खरा रोग वेगळा आहे. एका माणसाचे चार नोंदणी क्रमांक. गायकवाड इंग्रजीत 'आय' घालून लिहायचं की 'वाय' घालून, ते ऑपरेटरच्या मर्जीवर. वय 'पन्नास असंल' असं सांगितलं की प्रणाली जन्मतारीख १ जानेवारी धरते, त्यामुळे आमच्या नोंदींप्रमाणे निम्मा जिल्हा एकाच दिवशी जन्मला आहे. मोबाईल क्रमांक शेजाऱ्याचा. सर्व्हर डाऊन असताना कागदावर नोंदवलेले दुपारी नव्याने चढवतात, तेव्हा जुना क्रमांक शोधायला कुणाला सवड असते? नवा काढणं दहा सेकंदांचं काम, जुना शोधणं दोन मिनिटांचं. ऑपरेटर कंत्राटी, समोर शंभर जण उभे. तो काय करणार ते सांगायला नको. नवा क्रमांक पाडण्याआधी आभा, मोबाईल आणि उच्चाराने जुळणारं नाव असा तिहेरी शोध प्रणालीनेच सक्तीने घ्यावा, आणि दुहेरी क्रमांक एकत्र करण्यासाठी प्रत्येक रुग्णालयात एक जबाबदार माणूस असावा. आज ते कुणाचंच काम नाही.

प्रयोगशाळा : पैसे खर्च झाले, तार जोडली नाही

इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा इथेच आहे.

जिल्हा पातळीवर आता चांगले ऑटो-ॲनालायझर, म्हणजे रक्ताच्या तपासण्या आपोआप करणारी यंत्रं, आले आहेत. जवळपास प्रत्येकाला माहिती बाहेर पाठवण्यासाठी मागे एक पोर्ट असतो. कित्येक ठिकाणी त्या पोर्टवर यंत्र आलं तेव्हापासूनचं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच आहे. त्यामुळे होतं असं : वॉर्डात सिस्टर कागदी फॉर्म भरते, नमुना आणि फॉर्म मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, हाती खाली येतो, टेक्निशियन रजिस्टरमध्ये क्रमांक टाकतो, तोच क्रमांक मार्करने नळीवर लिहितो, यंत्र निकाल छापतं, निकाल रजिस्टरमध्ये उतरवतात, तिथून रिपोर्टच्या फॉर्मवर, आणि जमलं तर संध्याकाळी संगणकात. एक आकडा तीन वेळा हाताने उतरवला जातो. पोटॅशियम ५.६ असेल तर डॉक्टर सावध होतो, ६.५ असेल तर धावतो. या दोन आकड्यांत फरक काय, तर अंक उतरवताना उलटले एवढाच.

यंत्र प्रणालीला दोन्ही बाजूंनी जोडता येतं. वॉर्डात तपासणीची मागणी संगणकात टाकली की बारकोडचं लेबल निघतं. नळी यंत्रात ठेवली की यंत्र बारकोड वाचतं, कुठल्या तपासण्या करायच्या ते प्रणालीला विचारतं, निकाल स्वतः परत पाठवतं. टेक्निशियनने तपासून मान्य केला की तो वॉर्डात, ओपीडीत आणि रुग्णाच्या फोनवर एकाच वेळी. हे जगभर जुनं झालंय, खासगी लॅबवाले तालुक्याच्या ठिकाणी करतात. आपल्याकडे यंत्राची निविदा एक खातं काढतं, प्रणालीची दुसरं, आणि दोघांना जोडणारी अट कुठल्याच निविदेत नसते. नंतर यंत्रवाली कंपनी जोडणीचे वेगळे पैसे मागते आणि फाईल अडकते.

जोडणी झाली तरी ती कशाने फसते, हेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी 'प्रयोग अयशस्वी' असा शेरा पडू नये.

लेबल नळीच्या लांबीला समांतर आणि सरळ लागायला हवं. तिरकं लागलं किंवा नळीभोवती गुंडाळलं गेलं की रेघा वाचल्या जात नाहीत. नळीची एक बाजू मोकळी ठेवावी, नाहीतर रक्ताची पातळी दिसत नाही. स्वस्तातली थेट थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेली, लेबलं फिकी पडतात आणि फ्रिजच्या ओलाव्यात गोंद सुटतो. रिबनवर छापणारा प्रिंटर आणि थंडीत टिकणारा गोंद असं निविदेतच लिहावं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सकाळी सबंध वॉर्डाची लेबलं एकदम छापून नळ्यांना आधीच चिकटवून ठेवू नयेत. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नळीत जातं ते तिथेच. रक्त काढून झाल्यावर, खाटेपाशी, रुग्णाला नाव विचारून लेबल लावायचं. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर की मिलिमोल, हे एकक यंत्रात आणि प्रणालीत एकच आहे ना, ते पहिल्याच दिवशी तपासायचं. आणि धोक्याचा आकडा आला तर फोन करायचाच. पडद्यावर लाल रंगात दिसलं म्हणजे डॉक्टरला कळलं, असं होत नाही.

पिशवीतलं रेकॉर्ड

महाराष्ट्रातल्या रुग्णाचा खरा आरोग्य-इतिहास साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत असतो. त्यात घडी पडून फाटलेलं डिस्चार्ज कार्ड, एक्सरेची गुंडाळी आणि एक कोरा कागद. तो कोरा कागद म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची औषधचिठ्ठी. थर्मल प्रिंटरवर छापली होती, उन्हाने आणि प्लास्टिकने अक्षरं उडाली. शाई वाचवायला थर्मल रोल आणणाऱ्यांनी हा कागद एकदा हातात धरून पाहावा.

डॉक्टर टंकलेखन करत नाहीत म्हणून नोंदी डिजिटल होत नाहीत, असं बैठकांत म्हटलं जातं. हिशोब करा. ओपीडी चार तासांची आणि रुग्ण १२० असतील तर एकाला दोन मिनिटं. निदान यादीतून शोधा, औषध यादीतून निवडा, मात्रा, दिवस, सूचना असं सहा पडद्यांतून जायला तीन मिनिटं लागतात. बेरीजच जुळत नाही. डॉक्टर मग सगळ्यांना 'ताप' निवडून मोकळे होतात आणि आपण त्यावर आलेख काढतो.

यातून वाट आहे, आणि ती मिशनच्या नियमांत बसते. नोंदी पाठवण्याचं जे एफएचआयआर मानक आहे, त्याच्या चौकटीत स्कॅन केलेली पीडीएफही पाठवता येते. म्हणजे डॉक्टरने कागदावर लिहावं, आणि रुग्ण घरी जाताना डिस्चार्ज कार्ड स्कॅन होऊन त्याच्या आभाला जोडलं जावं. २०० डीपीआय, करड्या छटेत, एक पान दोनशे-तीनशे केबी. दिवसाची ३०० पानं शंभर एमबीच्या आत. मिनिटाला २५ पानं ओढणारा स्कॅनर हे काम पाऊण तासात सहज उरकतो, अडकलेली पानं सोडवण्यासकट. अशी पीडीएफ संगणकाला 'कळत' नाही, आकडेवारीला उपयोगी नाही, हे मान्य. पण दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला ती वाचता येते, आणि रात्री दोन वाजता त्याला तेवढंच हवं असतं. डॉक्टरकडून संगणकात फक्त दोन गोष्टी मागाव्यात : तपासण्यांची मागणी आणि औषधं. त्याही नेहमीच्या वीस-पंचवीस संचांत, एका टिचकीवर.

एक बाई, पाच ॲप

उपकेंद्राची एएनएम, म्हणजे तिथली परिचारिका, एका गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन मोजते. ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते, रजिस्टरात लिहिते, मग प्रजनन व बाल आरोग्य पोर्टलवर चढवते. त्याच घरातल्या सासूचा रक्तदाब असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर, दिराचा क्षयरोग निक्षयवर, बाळाची लस यू-विनवर, गावातल्या तापाचा अहवाल आणखी एका पोर्टलवर. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि प्रत्येकात गावाचं नाव पहिल्यापासून निवडा. धडगाव, धारणी, भामरागडसारख्या तालुक्यांत हे सगळं नेटवर्क मिळेल त्या टेकाडावर जाऊन करायचं. ॲपने माहिती फोनवर साठवून ठेवावी आणि नेटवर्क आलं की आपोआप पाठवावी. नाहीतर वहीतून रात्री आठवून भरलेली माहिती येते, आणि तिच्यात सगळ्यांचा रक्तदाब १२०/८० असतो.

ही पोर्टलं बहुतेक केंद्राची आहेत हे आम्हाला माहीत आहे. पण एकदा भरलेली माहिती राज्याच्या पातळीवर उरलेल्यांना पुरवण्याचा थर उभारणं राज्याच्या हातात आहे.

ई-संजीवनीबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झालेली ही दूरसल्ल्याची सोय उपकेंद्रापर्यंत पोचली हे मोठं काम आहे. पण पलीकडचे डॉक्टर जे औषध लिहितात ते उपकेंद्रात शिल्लक आहे का, हे त्यांना दिसत नाही. औषधसाठ्याची नोंद ठेवणाऱ्या ई-औषधी प्रणालीतला साठा त्याच पडद्यावर दाखवा. नाहीतर सल्ला फुकट आणि औषधासाठी तालुक्याला खेप.

ओटीपी, पासवर्ड आणि बंद पडणं

पोलीस सांगतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. आमच्या खिडकीवर दिवसभर आवाज येतो, 'आजी, मोबाईलवर नंबर आला का? सांगा.' संमती कशाला दिली हे आजींना कळत नाही, आणि अनोळखी माणसाला ओटीपी सांगायची सवय मात्र आपणच लावतो. आभा ऐच्छिक आहे. ते नसेल तरी केसपेपर मिळेल, असा मराठी फलक एकाही खिडकीवरून गायब असू नये.

पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, एकाच लॉगिनवर तीन पाळ्या. मग कुणी कुणाची फाईल उघडली याचा माग निघतच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्यातली जबाबदारी कंत्राटी ऑपरेटरवर ढकलता येणार नाही.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातलं अव्वल रुग्णालय जवळपास दोन आठवडे कागदावर चाललं. एम्सचं हे झालं, तर तालुक्याला काय होईल? प्रत्येक विभागात प्रणाली बंद असतानाचे छापील फॉर्म, आधीच क्रमांक घातलेले, गठ्ठ्याने ठेवलेले असावेत. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी आणि ती महिन्यातून एकदा खरंच उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप असला काय नि नसला काय.

योजनेच्या टेबलापाशी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रियेच्या मंजुरीची मागणी ऑनलाइन जाते, शंका निघते, उत्तर जातं, मंजुरी येते. हा प्रवास आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, पडद्यावर दिसतो. नातेवाईक मात्र दर तासाला टेबलापाशी येऊन विचारतात, आणि '१५५३८८ला फोन लावा' असं ऐकून परततात. प्रत्येक टप्प्याला एक मराठी एसएमएस जावा : मागणी पाठवली, अमुक कागद कमी आहे, मंजूर झाली. दुसरा एसएमएस सर्वांत मोलाचा. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळण्याऐवजी पहिल्या संध्याकाळी कळेल.

आमच्या मागण्या

१. आढाव्यातून 'आभा किती काढले' हा आकडा वगळा. त्याजागी तीन आकडे घ्या : किती भेटींच्या नोंदी आभाला जोडल्या, नमुना घेतल्यापासून रिपोर्ट रुग्णाच्या हाती पडेपर्यंत किती तास लागले, आणि रेफर झालेल्या किती जणांची आधीची नोंद पुढच्या रुग्णालयात उघडली गेली.

२. दोन्ही खात्यांच्या आणि शक्य तिथे महापालिकांच्या प्रणालींत रेफर-चिठ्ठी, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एवढ्या तीन कागदांची देवाणघेवाण आधी सुरू करा. बाकीचं नंतर.

३. यापुढे प्रयोगशाळेचं एकही यंत्र प्रणालीशी दुहेरी जोडणीच्या अटीशिवाय घेऊ नका. जोडणीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.

४. कंत्राट संपलं किंवा मोडलं तरी सगळा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात शासनाकडे परत आला पाहिजे, अशी अट प्रत्येक करारात घाला. ही अट आहे की नाही, ते जाहीर करा.

५. औषधचिठ्ठी आणि रिपोर्ट थर्मल कागदावर देणं बंद करा.

६. शंभर खाटांमागे एक तरी कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमा, जो रात्रपाळीलाही असेल. प्रिंटर रात्रीच बिघडतो.

७. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी प्रत्येक ओपीडीत मदतीची एक खिडकी ठेवा, आणि रुग्णाला जाणारा प्रत्येक संदेश मराठीत पाठवा. 'डियर पेशंट'ने सुरू होणारा नको.

सगळ्या राज्यात एकदम करा, असं आमचं म्हणणं नाही. एक जिल्हा रुग्णालय, त्याखालची दोन ग्रामीण रुग्णालयं आणि जिथे रुग्ण रेफर होतात ते एक वैद्यकीय महाविद्यालय घ्या, आणि वरचे तीन आकडे दर महिन्याला दर्शनी भागातल्या फलकावर लावा. पहिल्या महिन्यात तिसरा आकडा शून्य आला तर शून्यच लिहा.

आपले,
केसपेपर खिडकी, प्रयोगशाळा, औषध भांडार आणि सर्व्हर रूममधले आम्ही काही जण

ता. क. : क्यूआरची पोस्टरं ट्यूबलाइटच्या समोर लावू नयेत. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडला की फोन ती वाचत नाही. साधा मॅट कागद, छातीच्या उंचीवर, रांगेच्या सुरुवातीला. याला निविदा लागत नाही, उद्या सकाळी होईल.